सांगलीत मत्स्यालय: तळघर नकोच
सांगलीत मोठं मत्स्यालय उभारायच्या चर्चेत सगळ्यांना टाकीच्या काचेच्या लांबीची काळजी पडलीय, पण जाडी ठरते मुख्यतः पाण्याच्या खोलीवर. पाणी ३ मीटर खोल असेल तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब, मग टाकी लांब असो वा आखूड.

मला खरी धास्ती पुराची वाटते. पंप, गाळण यंत्रणा बऱ्याचदा तळघरात बसवतात. सांगलीत ते अजिबात नको! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पंप, वीजपॅनल, जनरेटर सगळं वरच्या मजल्यावर घ्या. पंप बंद पडले की माशांनी गच्च भरलेल्या टाकीत काही तासांत मासे गुदमरतात.

आणि उद्घाटनाची घाई नको. माशांनी टाकलेला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू गाळणीत वाढायला महिना-दीड महिना लागतो, त्याआधी मासे सोडले तर अमोनियानेच मरतील.