नोकरी सांभाळून छायाचित्रणाची कामे घ्यायची आहेत : साहित्य, विषय आणि दर यांविषयी मार्गदर्शन हवे

कृष्णाकाठ :

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि एका सहकारी संस्थेत लेखनिक आहे. गेली काही वर्षे मित्राच्या जुन्या कॅमेऱ्यावर हात बसवला आहे. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात काढलेली छायाचित्रे पाहून नात्यातल्या दोघातिघांनी ‘आमच्या कार्यालाही ये, पैसे देऊ’ असे सांगितल्यामुळे हा जोडव्यवसाय म्हणून करता येईल का, याचा गंभीरपणे विचार सुरू केला आहे. हाताशी सव्वा लाख रुपये आहेत. दुकानदाराचा आग्रह फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा आहे, परंतु तो घेतला तर लेन्ससाठीसुद्धा पैसे उरणार नाहीत. लग्नाखेरीज कोणत्या प्रकारची कामे आमच्या भागात मिळू शकतात, आणि दर कसा ठरवावा, हेही जाणकारांनी सांगावे. इथे काही जण लग्नाचा पूर्ण दिवस पाच हजारांत करतात, त्यामुळे सुरुवातीला मीही तेवढेच घ्यावेत असे घरच्यांचे म्हणणे आहे.

तिपाई :

दुकानदाराचे ऐकू नका. सव्वा लाखातली निम्म्याहून अधिक रक्कम बॉडीवर जाऊ देऊ नये, कारण मंगल कार्यालयात तुमची परीक्षा पाहतो तो प्रकाश, आणि त्यावर महागड्या सेन्सरपेक्षा हाताशी असलेला फ्लॅश अधिक कामी येतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची मिररलेस बॉडी, तिच्यासोबत येणारी झूम लेन्स, एक मोठ्या छिद्राची स्थिर लेन्स, दोन फ्लॅश, फ्लॅश दुरून पेटवणारा एक ट्रिगर, एक स्टँड, तीन बॅटऱ्या आणि दोन हार्ड डिस्क एवढे साहित्य प्रथम जमवा. स्थिर लेन्स म्हणून सगळे डोळे झाकून 50 मिमीची सुचवतात. परंतु लहान सेन्सरवर ती 75 ते 80 मिमीसारखी वागते आणि अरुंद स्टेजवर मागे सरकायला जागाच उरत नाही. म्हणून 35 मिमीची घ्या. बॉडी निवडताना दोन कार्डांची सोय असलेली मिळाली तर तिला प्राधान्य द्या, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही.

जुना कॅमेरा घेणार असाल तर शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद पाहा, एफ/16 वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग तपासा, आणि लेन्समधून मोबाईलची विजेरी आरपार मारून बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा. कोकणातून आलेल्या लेन्सबाबत ही शेवटची तपासणी टाळूच नका. स्वतःचे साहित्यही सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा; पावसाळ्यात कापडी बॅगेत पडून राहिलेली लेन्स बुरशीला आमंत्रण देते.

आता कार्यालयातल्या दोन अडचणींविषयी सविस्तर सांगतो, कारण त्या विकत घेण्याच्या यादीत दिसत नाहीत. पहिली अडचण एलईडी दिव्यांची. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा मिटमिटतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटर ठेवले, आणि विशेषतः आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले, तर छायाचित्रावर काळे-पिवळे पट्टे उमटतात, आणि ते नंतर संगणकावर धड निघत नाहीत. अशा ठिकाणी यांत्रिक शटर वापरा आणि वेग 1/50 किंवा 1/100 वर आणून पाहा. दुसरी अडचण मांडवाच्या छताची. पांढऱ्या स्लॅबवर फ्लॅश आपटवून घेतला की चेहऱ्यावर मऊ प्रकाश येतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मांडवाला गुलाबी किंवा पिवळे कापड लावलेले असेल तर तोच प्रकाश कापडाचा रंग घेऊन खाली येतो आणि नवरी मुलगी आजारी दिसू लागते. तेव्हा फ्लॅश छताकडे न वळवता स्टँडवर, पांढऱ्या छत्रीतून, बाजूने लावावा. हळदीच्या कार्यक्रमात तर कपडे, फुले, पडदे आणि चेहरे सगळेच पिवळे असल्यामुळे कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवण्याची सोय) हमखास चकतो, म्हणून तो केल्विन या रंगतापमानाच्या एककात स्वतः ठरवून ठेवा आणि रॉ फाइलमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काम करा.

विधींचा क्रम पाठ असणे हेही साहित्यच समजा. ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की अंतरपाट दूर व्हायला फार वेळ उरत नाही. त्या क्षणी तुम्ही अंतरपाटाच्या बाजूला, दोघांचेही चेहरे दिसतील अशा जागी आधीच उभे असले पाहिजे. भटजींच्या पाठीमागून वाट काढत बसलात तर छायाचित्रात फक्त अक्षता टाकणाऱ्या मामांचे हात येतील.

मिरजकर :

तिपाई यांच्या साहित्याच्या यादीशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र नोकरी करणाऱ्या माणसाने लग्नापासूनच सुरुवात करावी, हे मला पटत नाही. लग्नात चूक सुधारायला वाव नसतो आणि मुहूर्त तुमची रजा पाहून निघत नाही. त्याउलट वस्तूंचे छायाचित्रण रविवारी घरी, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, एक कॅमेरा, एक तिपाई आणि थर्माकोलचे चार तुकडे घेऊन करता येते, आणि जमले नाही तर पुन्हा काढता येते.

आपल्या भागात या कामाला तोटा नाही. बेदाणे आणि हळद पाकिटात भरून ऑनलाइन विकणारे अनेक जण मोबाईलवरची अंधूक छायाचित्रे वापरतात. दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणी आहेत, घरून साड्या विकणाऱ्या आहेत, सराफ आहेत. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी आणि वस्तूने चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापावा, असे नियम आहेत. ते तुम्हाला माहीत आहेत एवढ्यावरही लहान विक्रेत्याचा तुमच्यावर विश्वास बसतो. साडीच्या बाबतीत खरा प्रश्न रंगाचा असतो: पडद्यावर दिसला त्यापेक्षा हातात वेगळा निघाला की साडी परत येते. म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला राखाडी कार्ड धरून एक छायाचित्र घ्या. धूपछाव रेशमाचे दोन्ही रंग दिसायला हवे असतील तर प्रकाश समोरून न टाकता तिरपा टाका आणि पदराला एक घडी पडू द्या. दागिन्यांसाठी पोलरायझर (लेन्सवर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्या असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. काच, पाणी किंवा वार्निश यांवरची चकाकी पोलरायझरने कमी होते, उघड्या धातूवरची होत नाही. दागिन्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करून बाहेरून दिवा लावणे हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मग एका बाजूने काळ्या कागदाची बारीक पट्टी आत सरकवा, म्हणजे सोन्याला कडा येते.

कामे मिळण्यासाठी दाखवायला काहीतरी लागते, आणि तिथे बहुतेक नवे छायाचित्रकार सूर्यास्त आणि फुले पुढे करतात. कास पठारावरची फुले सुंदर असतात, पण तुमच्यासारखीच छायाचित्रे प्रत्येकाकडे असतात. तुम्ही सांगलीत राहता. मिरजेची सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर परिसरातून येणारे भोपळे, तुणीच्या लाकडाची दांडी, नक्षी, आणि शेवटी कारागीर कान लावून घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासत जवारी लावतो, म्हणजे तारेचा नाद जुळवतो, तो क्षण, असा सगळा प्रवास कारागिरांची परवानगी घेऊन सवडीने टिपा. तानपुऱ्याच्या घोडीवरून तार जिथे सुटते तिथे रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवताना बोटे कशी थांबतात, एवढे एक छायाचित्र नीट जमले तरी तुमची नजर लोकांना कळेल. छापलेले एक-एक छायाचित्र कारागिरांना नेऊन द्यायला विसरू नका. त्यांच्याकडे परगावचे कलाकार येतात, आणि तुमचे नाव तिथून पुढे जाऊ शकते.

खतावणी :

दराविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. पाच हजारांचा आकडा बाजूला ठेवा आणि वहीत स्वतःचा हिशेब मांडा. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, साहित्यात हळूहळू दीड लाख रुपये गुंतले आणि ते चार वर्षे चालले, तर वर्षाची घसारा-रक्कम 37,500 होते. विमा, दुरुस्ती, सॉफ्टवेअरचे वर्गणीशुल्क, इंटरनेट, हार्ड डिस्क आणि पेट्रोल यांना वर्षाला साठ हजार धरा. एकूण 97,500. नोकरीमुळे तुम्हाला वर्षात वीसच दिवस काम करता आले, तर प्रत्येक दिवसावर 4,875 रुपयांचा खर्च बसतो. म्हणजे पाच हजारांत काम घेतलेत की हातात सव्वाशे रुपये येतील, आणि त्यासाठी तुम्ही कार्यालयात दिवसभर उभे राहून नंतर किमान दोन दिवस छायाचित्रे निवडत आणि सुधारत बसलेले असाल. मदतनीस आणि करिझ्मा अल्बम यांचा खर्च यात धरलेलाच नाही. तो वेगळा लावावा.

जे पाच हजार घेतात त्यांचे साहित्य जुने, वसूल झालेले असते आणि ते अल्बम, व्हिडिओ, फ्रेम यांतून पैसे मिळवतात, त्यामुळे त्यांच्या दराशी तुमची तुलना होत नाही. शिवाय मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मासात बहुतेक थांबतात, म्हणजे सगळ्यांना तुम्ही त्याच त्याच तारखांना हवे असता. स्वस्तात दिलेली तारीख नंतर महाग काम आले तरी मोडता येत नाही. नातेवाइकांसाठी दर कमी करायचा असेल तर पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सवलत दाखवा. नाहीतर सवलतीचा आकडाच तुमचा दर म्हणून गावभर होतो. वस्तूंच्या कामाला दिवसाचा दर लावण्यापेक्षा प्रत्येक अंतिम छायाचित्रामागे दर ठरवा आणि किती वेळा दुरुस्ती मोफत, तेही आधी सांगा.

तारीख पक्की करताना विसार घ्या, कार्याच्या दिवशी मोठा हप्ता घ्या आणि बाकी रक्कम अंतिम छायाचित्रे देण्यापूर्वी. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे सध्या ती चिंता नको. मात्र नोकरीच्या सेवाशर्तींत जोडव्यवसायाला परवानगी आहे का, हे कामे घेण्यापूर्वी तपासा.

कृष्णाकाठ :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सव्वाशे रुपयांचा हिशेब घरी वाचून दाखवला आणि पाच हजारांचा विषय मिटला. सेवाशर्तींबाबत उद्याच साहेबांना विचारतो. दोन शंका उरल्या आहेत: एखाद्या लग्नाला चांगल्या बॉडीची गरज भासली तर काय करावे, आणि काढलेली छायाचित्रे मी माझ्या पानावर टाकू शकतो का?

तिपाई :

बॉडी भाड्याने घ्या. पुणे-कोल्हापुरात फुल-फ्रेम बॉडी आणि 70-200 सारख्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. अनामत रक्कम आणि ओळखपत्र लागते. आदल्या दिवशी संध्याकाळी आणून बटणे हाताखालून घाला, आणि ते भाडे ग्राहकाच्या दरात स्वतंत्रपणे धरा.

खतावणी :

दुसऱ्या शंकेबाबत कायदा अनेकांच्या समजुतीच्या उलट आहे. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार कोणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसला, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो, छायाचित्रकार नव्हे. म्हणून एका पानाचा करारनामा करा. त्यात तारीख, तास, किती छायाचित्रे, केव्हा देणार, रद्द झाल्यास विसाराचे काय, आणि नमुना म्हणून छायाचित्रे वापरण्याची परवानगी आहे की नाही, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्या. काही घरांना मुलीची छायाचित्रे इंटरनेटवर नको असतात. त्यांनी त्या ओळीवर काट मारली तर वाद न घालता मान्य करा. रॉ फाइल देणार नाही, हेही त्याच कागदावर असू द्या, कारण तो प्रश्न पाठवणीच्या गडबडीत कोणीतरी काका हमखास काढतातच.