मोबाईलशिवाय घास गिळत नाही, काय करू?

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या शनिवारी घडलेलं आधी सांगते, मग विचारते.

मी त्याला भरवत होते. मोबाईल समोर डब्याला टेकवून ठेवलेला. मध्येच बॅटरी संपली आणि स्क्रीन काळी झाली. तोंडात घास होता, त्याने चावणंच थांबवलं. थोडा वेळ तसाच बसला, मग मान खाली घालून ताटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "आई, हे काय आहे?" अर्धं ताट तोवर पोटात गेलं होतं. आपण काय खातोय हे त्याला माहीतच नव्हतं. माझ्या पोटात एकदम कालवलं.

सुरुवात तो दीड वर्षाचा असताना झाली. तापात काहीच खाईना म्हणून गाणी लावली. ताप तीन दिवसांत उतरला, गाणी राहिली. आता काढून घेतलं की जमिनीवर लोळण, डोकं आपटणं. सासूबाई म्हणतात, एकदा रडू दे पोटभर. नवरा म्हणतो, जेवतोय ना, मग राहू दे. रात्री झोपतानाही हेच.

एकदम बंद करू की हळूहळू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी एकोणीस वर्षं बालवर्गाला शिकवते आहे. तुमचा मुलगा हट्टी आहे असं मला वाटत नाही. आपल्या लहानपणी टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा, नावांच्या पाट्या यायच्या, आपण उठायचो. आता एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. 'संपलं' हे कळायला मुलाला जागाच उरत नाही. मग थांबवायला तुम्ही जाता आणि सगळा राग तुमच्यावर निघतो.

म्हणून पहिल्यांदा ऑटोप्ले बंद करा. दोनच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, नेट बंद करा आणि शेवटचं बटण त्यालाच दाबू द्या. आपण काढून घेणं आणि त्याने स्वतः बंद करणं यात फार फरक पडतो, हे मी वर्गातल्या कितीतरी पालकांकडून ऐकलंय. जेवताना मात्र अजिबात नको. तिथे हळूहळू करत बसू नका, रोज नवी घासाघीस होईल.

एक सांगायचं राहिलं. परवा एका मुलीने गोष्टीच्या पुस्तकातल्या हत्तीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. तो हलेल अशी तिची अपेक्षा होती. मी पुस्तक बाजूला ठेवलं, हाताची सोंड करून हलवली आणि ती हसली. मुलं येतात आपल्याकडे परत, फक्त समोर कुणीतरी हलणारं माणूस लागतं.

प्रतिसाद २

सगळंच वाईट म्हणू नका. माझी मुलगी आजीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते. ते बंद करायचं का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या बाई

मुळीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १८ महिन्यांखालच्या बाळांना स्क्रीन नको म्हटलं, तेव्हाही व्हिडिओ कॉल वगळला होता. आजी तिचं ऐकते, उत्तर देते, ती गप्प बसली तर "काय गं झालं?" म्हणून विचारते. व्हिडिओतलं माणूस मूल रडलं तरी हसतच राहतं.

प्रतिसाद ३

मी डोळे तपासते, म्हणून तेवढंच बोलते. पालक विचारतात, मोबाईलमुळे नंबर लागला का? मी उलट विचारते, मूल दिवसात किती वेळ बाहेर असतं? डोळा मागच्या बाजूला लांबट होत गेला की दूरचं धूसर दिसतं आणि नंबर लागतो. उघड्यावरच्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि त्याने हे लांबणं रोखलं जातं, असं आज मानतात. डोळा एकदा लांबला की मागे येत नाही, म्हणून लहान वयातच जपायचं. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेचं प्रमाण खाली यायला लागलं.

तासाचं विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर १ तास सांगितलाय, आणि कमी तितकं चांगलं. पण नुसतं मोजत बसू नका. तो तास काढून घेतल्यावर त्याला दाराबाहेर न्या. घरात रिकामा बसला तर पुन्हा मोबाईलच आठवेल.

मूळ प्रश्न विचारणारी, सोळा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेच्या बाईंनी सांगितलं तसं जेवताना एकदम बंद केलं. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं रडला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चार घास. सासूबाई शेजारी बसून राहिल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचा मला फार आधार झाला. तिसऱ्या दिवशी कळलं की मीसुद्धा भरवताना अधूनमधून मेसेज बघते. तो ते बघत होता. आता जेवायच्या वेळी घरातले सगळे मोबाईल दुसऱ्या खोलीत असतात, नवऱ्याचाही.

सहाव्या दिवशी मी पुढचा घास केला तर त्याने माझा हात बाजूला सारला आणि म्हणाला, "पोट भरलं." मी तशीच बसून राहिले. तीन वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेच नव्हते. आजवर कधी थांबायचं ते मीच ठरवत होते, ताट रिकामं झालं की.

संध्याकाळी दोन व्हिडिओ बघतो आणि बटण स्वतः दाबतो. कधी दाबतो, कधी फोन छातीशी धरून बसतो. बाहेर रोज दीड तास तरी नेते.

झोपेचं मात्र अजून जमलेलं नाही. दिवा मालवला की अंधारात मोबाईल मागतो, गोष्ट सांगायला लागले तर "ही नको, ती हलणारी" म्हणतो. काल शेवटी मी त्याच्या तळहातावर बोटाने मुंगी चालवली, कोपरापर्यंत जाऊन परत आणली. अकरा वेळा. मग झोपला. झोपेचा प्रश्न ज्यांनी सोडवलाय त्यांनी जरूर लिहा.