‘काढता पाय’ पुरस्कार कुणाला?

राघूमैना: पळपुट्यांना गमतीची बक्षिसं वाटणारा ‘काढता पाय पुरस्कार’ हा लेख वाचला. जीवनगौरव शेवटच्या पेशव्याला, दुसऱ्या बाजीरावाला, ‘बाल्कनीचं तिकीट’ इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई पर्वतीवरून पाहिल्याबद्दल पुन्हा त्यालाच, ‘उत्कृष्ट ध्वजारोहण’ शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंना. आधी हसलो, मग चिडलो. ५ नोव्हेंबर १८१७ला फौज बापू गोखल्यांच्या हाती होती. सेनापती मैदानात असताना पेशव्यानेही घोड्यावर बसायलाच हवं? पुढे फेब्रुवारीत आष्टीला गोखले पडले, तरी हा माणूस जूनपर्यंत इंग्रजांच्या हाती लागला नाही. हे पळणं, तर गनिमी कावा कशाला म्हणायचं?

तिरकमराव: गनिमी काव्यात मधेमधे वळून मारायचं असतं हो! आणि १८०२? हडपसरला यशवंतराव होळकर जिंकले, तर हे पळत पळत वसईला, इंग्रजांच्या मांडीवर.

मिरची_लवंगी: त्याआधी यशवंतरावांच्या भावाला, विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, तेव्हा बरी मर्दुमकी होती.

राघूमैना: विठोजीचं पाप मान्य. पण पानिपतावरून नाना फडणवीसही जीव घेऊनच परतले, स्वतः लिहून ठेवलंय. ते मात्र साडेतीन शहाण्यांत!

तिरकमराव: म्हणूनच अर्धे.

जुना_भाडेकरू: पुरस्कार आमच्या घरमालकालाही द्या. मुंजीच्या पत्रिकेवर ‘श्रीमंत’, वाड्याला बांबूचे टेकू. जिन्याची तिसरी पायरी गेली, आजी पडली. विचारायला गेलो की श्रीमंत मागच्या दिंडीतून पसार. तीन वर्षं!

मिरची_लवंगी: भाडं किती होतं?

जुना_भाडेकरू: महिना बावीस रुपये.

मिरची_लवंगी: बावीस रुपयांत सागवानी पायरी हवी? आमचा वाडा असाच गेला, भाडेकरूंनी खाल्ला. घरपट्टी आम्ही भरायची, नळ आम्ही दुरुस्त करायचे, आणि पुरस्कारही आम्हालाच?

जुना_भाडेकरू: अच्छा, म्हणजे आपणही श्रीमंत! आजोबांनी खोली घेताना रोख पागडी मोजली होती, फुकट नव्हतो राहिलो.

राघूमैना: अहो, धागा बाजीरावाचा आहे!

तिरकमराव: बरं, एक कबूल करतो. सालाना आठ लाखांचा तनखा घेत म्हातारा कानपूरजवळ बिठूरला १८५१ पर्यंत जगला. अडीच कोटींच्या वर वसूल केले इंग्रजांकडून. ‘उत्कृष्ट वसुली’ द्या, माझी हरकत नाही.

राघूमैना: राज्य देऊन तनखा! तुमची कबुलीसुद्धा चपलेत गुंडाळलेली.

मिरची_लवंगी: पागडीची पावती आहे का?