सीताफळाचा केक कडू का झाला?

सातपुड्याची लेक
माझं माहेर शहाद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. बांधावर सीताफळाची सात झाडं आहेत, त्यांना कोणी खत-पाणी घालत नाही. दसऱ्याला गेले तर दादा म्हणाला, "डोळे उघडलेत, घेऊन जा उतरवून." डोळे उघडले म्हणजे सालीवरच्या खवल्यांमधली जागा रुंदावली, फळ उतरवण्याजोगं झालं. मी स्वतः आकडीने काढली, खोकं भरून जळगावला आणली आणि गव्हाच्या कोठीत अढी घातली. तिसऱ्या दिवशी अंगठा दाबला की रुतायला लागला. गर इतका गोड की खिरीतही साखर लागू नये.

आमच्या आईंची, म्हणजे सासूबाईंची, पंचाहत्तरी होती. त्यांना दात नाहीत, म्हणून मऊ केक करायचं ठरवलं. दीड वाटी कणीक, वाटीभर दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, अर्धा चमचा सोडा आणि वर वाटीभर सीताफळाचा गर. शिट्टी-रिंग काढून, तळाशी मीठ घालून कुकरमध्ये चाळीस मिनिटं ठेवला. फुलला छान. पण पहिला घास घेतला तर कडू! गिळल्यावरही घशात राहणारा कडवटपणा. आईंनी एक शब्द न बोलता पाण्याबरोबर तुकडा संपवला, तेव्हा मला रडूच आलं.

तीच फळं आदल्या रात्री आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती. बी एकही फुटलं नाही, गर चाळणीवर हाताने काढला होता. अजून अकरा फळं आहेत. माझं काय चुकलं?

धुळ्याचा भट्टीवाला
ताई, पहिला संशय सोड्यावर जातो, पण दीड वाटी कणकेला आणि वाटीभर दह्याला अर्धा चमचा जास्त नाही. सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी लागते आणि केक आतून काळपट दिसतो. तसं होतं का? नसेल तर दोष फळातच शोधा. मी सीताफळ कधी भाजलेलं नाही, मी केळ्याचा केक करतो. सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत केळी ठेवतो, तोवर आतल्या स्टार्चची साखर झालेली असते.

नंदुरबारची मावशी
बाई, तुझं काहीच चुकलं नाही. सीताफळाचा गर तापला की कडू होतो, ती त्या फळाची जातच आहे. साधारण 65 अंशांच्या पुढे गर गेला की कडवटपणा उतरतो आणि केक तर आतून नव्वदच्या पुढे तापतो. म्हणून तर सीताफळ बासुंदी करताना दूध आटवून, पार गार करून मगच गर घालतात. गरम दुधात घातला की सगळी बासुंदी वाया. माझी पहिली अशीच गेली, पाहुणे जेवायला बसलेले असताना.

खात्री करायची तर एका वाटीत चमचाभर गर घे, वाफेवर पाच मिनिटं ठेव आणि कच्च्या गराशेजारी चाखून बघ.

आता अकरा फळांचं. केक साधा कर, नुसती वेलची घालून. पार गार होऊ दे, म्हणजे तळाला हात लावला तर कोमटही लागू नये. मधून आडवा काप. गर मिक्सरला लावू नकोस, बी फुटलं तर घात. ते विषारी असतं आणि त्याची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. चाळणीवर हातानेच काढ आणि सालीलगतचा रवाळ भाग सोडून दे, तोंडात वाळू आल्यासारखा लागतो. घट्ट चक्क्यात गर आणि थोडी साखर कालव, थेंबभर लिंबू पिळ म्हणजे काळा पडणार नाही. तोच थर मध्ये आणि वर लाव. वाढायच्या तासभर आधीच लाव, फार आधी नको, पाणी सुटतं.

सातपुड्याची लेक
मावशी, वाटीची परीक्षा केली. वाफेवरचा गर जिभेला लावला आणि लगेच तोच कडवटपणा, अगदी केकसारखा! शेजारचा कच्चा गर मधासारखा. भाऊ, रंग सोनेरीच होता, म्हणजे सोड्याचा दोष नव्हता. चार दिवस मी कणकेला, दह्याला, कुकरच्या मिठाला दोष देत होते.

रविवारी तुम्ही सांगितलं तसं केलं. चक्का फडक्यात रात्रभर टांगला होता. सहा फळांचा गर लागला. आईंना बशीत दिला, त्या चमच्याने वरचा थर आधी खात होत्या. मग बशी पुढे करून म्हणाल्या, "आखो दे माय." आमच्याकडे लेकी-सुनांशी त्या अहिराणीतच बोलतात.

पाच फळं शिल्लक होती, त्यातलं एक काळं आणि दगडासारखं निघालं. बाकीच्यांचा गर डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवला आहे. चालेल ना?

नंदुरबारची मावशी
चालेल. बिया सगळ्या काढल्यास ना? डबा अगदी काठोकाठ भरू नकोस, गोठल्यावर गर फुगतो. लागेल तेवढाच बाहेर काढ, एकदा वितळलेला परत गोठवू नकोस. आणि ते दगडी फळ डोळे उघडायच्या आधीच उतरलेलं असणार. पुढच्या वर्षी दादाला सांग, शिरांमधली जागा पिवळसर पांढरी दिसल्याशिवाय आकडी लावायची नाही.