एकट्या मीडिया सर्व्हरसाठी डॉकर कशाला?

बोरूबहाद्दर
जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (घरचे चित्रपट टीव्ही-फोनवर दाखवणारा मीडिया सर्व्हर) चालवतो. थेट डेबियन लिनक्सवर, त्यांच्याच रेपॉझिटरीतून पॅकेज टाकून. कुणालाही काही विचारलं की सल्ला ठरलेला: "डॉकरमध्ये टाक", म्हणजे प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालव. दहा सेवा चालवणाऱ्याचं समजू शकतो. पण यंत्रावर एकच सेवा असेल तर हे नाकापेक्षा मोती जड.

तरी गेल्या आठवड्यात करून पाहिलं. घोड्यानं पेंड खाल्ली ती ट्रान्सकोडिंगपाशी, म्हणजे टीव्ही-फोनला झेपेल अशा रूपात व्हिडिओ चालता चालता बदलताना. कंटेनरला ग्राफिक्स चिप आपोआप दिसत नाही, तिचं 'डीआरआय' नावाचं डिव्हाइस हाताने द्यावं लागतं. ते दिलं, तर ते वापरायची परवानगी असलेल्या लिनक्स-ग्रुपमध्ये कंटेनर नाही म्हणून एफएफएमपेग (ट्रान्सकोडिंग करणारा प्रोग्राम) रुसलं. थेट पॅकेजवर हाच चित्रपट विनातक्रार चालत होता. यात मी मिळवलं काय?

रात्रपाळी
असहमत. त्रास एकदाच होतो, फायदा यंत्र बदलताना कळतो. माझी कंपोज फाइल (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली) जेमतेम वीस ओळींची. नव्या यंत्रावर ती आणि कॉन्फिगचं फोल्डर नेलं, कंटेनर उठवला, झालं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: जेलीफिन प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. कंटेनरच्या आत तो कायम 'मीडिया'च राहतो, बाहेर डिस्क कुठेही माउंट करा. तुमच्या पद्धतीत पाथ बदलला की लायब्ररी पुन्हा स्कॅन करत बसा.

शिवाय मीडियाचं व्हॉल्यूम (कंटेनरला जोडलेलं बाहेरचं फोल्डर) मी फक्त वाचण्यापुरतं दिलंय. घरातल्या कुणी चुकून 'डिलीट' दाबलं तरी फाइल जागेवर. (सबटायटल मात्र चित्रपटाशेजारी उतरवता येत नाहीत. चालायचंच.)

बोरूबहाद्दर
पाथचा मुद्दा मान्य, सुचला नव्हता. फक्त वाचण्याची परवानगी मात्र साध्या लिनक्समध्येही देता येते. जेलीफिनच्या युजरला लिहायचा हक्क देऊ नका, संपलं.

चक्रम_चावी
मी डॉकरवालाच, पण हात पोळलेला. इमेजचा (ज्यातून कंटेनर उभा राहतो त्या तयार साच्याचा) टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, 'लेटेस्ट' आणि वर आपोआप अपडेट करणारा दुसरा कंटेनर. जेलीफिनची १०.११ आवृत्ती आली, डेटाबेसची मांडणी बदलली, एक प्लगइन बिघडलं. म्हटलं जुना टॅग लावू, डॉकरचं हेच तर कौतुक! जुन्या आवृत्तीला नवा डेटाबेस वाचताच येईना. इमेज मागे जाते, डेटा जात नाही. कॉन्फिगचा बॅकअप? विचारू नका.

रात्रपाळी
यात डॉकरचा काय दोष? आवृत्तीचा आकडा लिहून टॅग पक्का करायचा, अपडेटआधी कंटेनर थांबवून कॉन्फिगची कॉपी काढायची. पॅकेज वापरलं असतं तरी डेटाबेस असाच बदलला असता.

चक्रम_चावी
दोष माझाच. पण "डॉकर आहे, मागे जाता येईल" हा भरवसा मला डॉकरवाल्यांनीच दिला होता.

कुंपणावरचा
एक भर. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केलं म्हणून निर्धास्त राहू नका. कंपोजमध्ये जेलीफिनचं ८०९६ पोर्ट प्रकाशित केलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल-नियमांत) स्वतःचे नियम घालतं आणि यूएफडब्ल्यूला वळसा पडतो. राउटरमागच्या यंत्राला सहसा झळ लागत नाही, भाड्याच्या सर्व्हरवर मात्र दार सताड उघडं. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत देणारा मध्यस्थ) असेल तर पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्यालाच, बांधा.

आणि टीव्हीला डीएलएनएवरून (घरातली उपकरणं एकमेकांना शोधतात ती पद्धत) सर्व्हर दिसत नसेल तर डॉकरचं ब्रिज नेटवर्क (कंटेनरचं वेगळं, आतलं नेटवर्क) तपासा. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना दिलेली हाक, त्यातून पलीकडे जात नाही. होस्ट, म्हणजे मूळ यंत्राचंच, नेटवर्क लावावं लागतं.

बोरूबहाद्दर
म्हणजे नेटवर्क होस्टचं, ग्राफिक्स चिप होस्टची, फायली होस्टच्या, कर्नल तर होस्टचाच. मग कंटेनरमध्ये वेगळं ठेवलं काय?

रात्रपाळी
प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी. हेच तर हवं होतं! तुमच्या डेबियनला अधिकृत पॅकेज आहे म्हणून तुम्हाला किंमत नाही. लिनक्सच्या ज्या डिस्ट्रोला (प्रकाराला) ते नाही, तिथल्या माणसाला विचारा.

कुंपणावरचा
आणि मॅकवाल्याला उलट विचारा. तिथे डॉकर लिनक्सच्या आभासी यंत्रात चालतं, मॅकची ग्राफिक्स चिप ट्रान्सकोडिंगला मिळत नाही. तिथे बोरूबहाद्दरांचंच खरं, थेट ॲप टाकावं.

बोरूबहाद्दर, तुमचा मूळ घोळ: कंटेनरला ग्रुपचा क्रमांक कोणता दिलात? होस्टवर 'गेटएंट ग्रुप रेंडर' ही आज्ञा चालवून ग्राफिक्स वापरू देणाऱ्या 'रेंडर' ग्रुपचा क्रमांक बघा. हा क्रमांक यंत्रागणिक बदलतो, दुसऱ्याच्या कंपोज फाइलमधून उचलून चालत नाही.

बोरूबहाद्दर
१०५ निघाला. मी ४४ लिहिला होता, तो 'व्हिडिओ' ग्रुपचा. बदलला, चालू झालं. आभार. मत तेच आहे.