संमोहन खरंच चालतं का? स्वतःवर आलेले अनुभव लिहा

टिपकागद

संमोहनाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते सगळं थोतांड, दुसऱ्याच्या मते मनाच्या अफाट शक्ती. गंमत म्हणजे दोन्हीकडचे बहुतेक जण त्या खुर्चीत कधी बसलेले नसतात. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः संमोहन घेतलंय किंवा दिलंय त्यांनीच लिहा, मेव्हण्याच्या मित्राचे किस्से नकोत. काय सांगितलं गेलं, आत काय वाटलं, पुढे काय टिकलं, एवढं लिहिलंत तरी पुरे. काहीच झालं नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करते. मला सुईची भीती. रक्त द्यायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे, बऱ्याचदा शुद्धही जायची. एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी संमोहन सुचवलं. लंबक नाही, डोळ्यांत रोखून बघणं नाही. छतावरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड होतील तशा मिटू द्यायच्या. मग त्या म्हणाल्या, उजव्या मनगटाला फुगा बांधलाय, हात हलका होतोय. मी मनात म्हटलं, बरं, होऊ दे. आणि हात वर जायला लागला. हळूहळू, मधेमधे अडखळत. हात हलवणारी मीच होते हे पक्कं कळत होतं, पण मी हलवतेय असं मात्र वाटत नव्हतं. त्या स्थितीत सुईची सगळी उजळणी करून घेतली, टप्प्याटप्प्याने, बऱ्याच बैठकांत. भीती गेली असं नाही म्हणणार. पण आता शुद्ध जात नाही.

खडूस

माझा अनुभव एका ओळीत: एसीचा आवाज ऐकत पडून होतो. हात हलका झाला नाही, पापण्या जड झाल्या नाहीत. शेवटी त्या गृहस्थांनी मलाच ऐकवलं, "तुम्ही विरोध करताय." साहेब, पैसे मोजून विरोध करायला कोण येतं? वरून "बुद्धिमान माणसांना लवकर लागतं" हेही सुनावलं. म्हणजे आम्ही मठ्ठ.

मनकवडी

खडूस, तुम्ही मठ्ठही नाही आणि विरोधही करत नव्हता. मी मानसशास्त्रात काम करते आणि उपचारात संमोहन वापरते, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते. प्रत्येक माणसाची संमोहित होण्याची क्षमता वेगळी असते आणि ती मोजता येते. 1959 मध्ये स्टॅनफर्डमध्ये वाइट्झेनहोफर आणि हिल्गार्ड यांनी त्यासाठी मोजपट्टी बनवली. हात जड होणं, नसलेली माशी जाणवणं, सांगितलेलं विसरणं अशा एकेक सूचना देऊन गुण देतात. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के लोकांवर खूप परिणाम होतो, जवळपास तेवढ्यांवर फारसा होत नाही, बाकी सगळे मधले. 25 वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेतली तर गुण बरेचसे तसेच आले. बुद्धीशी याचा संबंध नाही, भोळेपणाशी तर नाहीच. पुस्तक वाचताना हाक मारली तरी ऐकू न येणारी माणसं असतात ना, त्यांचं जमण्याची शक्यता थोडी जास्त, एवढंच.

म्हणजे कर्तब समोरच्या माणसाचं असतं, आमचं नाही. आमच्यातले काही जण हे मान्य करत नाहीत, त्यांचा धंदा बसेल.

तिसरी_घंटा

मी रंगमंचावरचा. म्हणजे प्रेक्षक म्हणून गेलो आणि वर ओढला गेलो. आधी सगळ्या सभागृहाला हाताची बोटं एकमेकांत गुंतवायला लावली, "आता सुटणार नाहीत" म्हणाला. ज्यांची खरंच सुटली नाहीत त्यांनाच वर बोलावलं. तिथेही दोन-तीन जणांना हळूच कानात सांगून खाली पाठवलं. उरलो ते आम्ही, आधीच गाळून घेतलेले.

मला वाद्यवृंदाचा संचालक केला. मी हात हलवले, घामाघूम होईपर्यंत. लोक विचारतात, नाटक होतं का? प्रामाणिक उत्तर: पहिली दोन मिनिटं होतं. चारशे लोक बघत असताना नाही म्हणणं अवघड जातं. पण मग कधीतरी वाद्यं ऐकू यायला लागली, खरी नव्हे, डोक्यात गाणं अडकतं तशी. तेव्हा थांबावंसंच वाटलं नाही. दोन खुर्च्यांवर डोकं आणि पाय ठेवून फळीसारखं आडवं पडायचा खेळही झाला. तो घरी करून बघितला, संमोहनाशिवाय. जमतो.

टिपकागद

वा, हे "मधेच कधीतरी" फार आवडलं. मनकवडी, मग संमोहित माणसाकडून काहीही करवून घेता येतं का? सगळे हेच विचारतात.

मनकवडी

1965 मध्ये ऑर्न आणि इव्हान्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. संमोहित लोकांना विषारी साप उचलायला आणि समोरच्याच्या तोंडावर आम्ल फेकायला सांगितलं (अर्थात आत संरक्षणाची सोय होती). त्यांनी ते केलं. पण ज्यांना संमोहित झाल्याचं फक्त सोंग करायला सांगितलं होतं त्यांनीही केलं. प्रयोगशाळेत आहोत, कुणी मरू देणार नाही, असा भरवसा दोन्ही गटांना होता. त्यामुळे संमोहनाने इच्छेविरुद्ध काही करवता येतं हे त्यातून सिद्ध होत नाही. सांगणारा अधिकारी वाटला की माणूस बरंच काही करतो, संमोहन असो नसो.

पोटोबा

मला आयबीएस, म्हणजे आतड्यांचा जुनाट त्रास. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल आणि पोट मात्र कायम बंड करून उठलेलं. प्रवास ठरला की आधी रस्त्यावरची स्वच्छतागृहं शोधायची. गोळ्या झाल्या, पथ्यं झाली. मग डॉक्टरांनीच संमोहन सुचवलं, तेव्हा वाटलं आता हे मला "तुझ्या डोक्यात आहे" म्हणणार. तसं झालं नाही. मँचेस्टरच्या व्होरवेल यांनी 1984 मध्येच यावर अभ्यास प्रसिद्ध केलाय, ते दाखवलं.

बैठकीत पोटावर माझाच तळहात ठेवायचा, ऊब आत उतरतेय असं बघायचं. मग नदी. माझी नदी आधी धबधब्यासारखी कोसळायची, तिला संथ करायची. हसू येत होतं. पण रोज रेकॉर्डिंग ऐकायला लावलं आणि तिथेच फरक पडला असं मला वाटतं. दोनेक महिन्यांत कळा कमी झाल्या. पोट पूर्ण शहाणं झालेलं नाही, तणाव आला की कुरकुरतं. पण प्रवासाचा विचार मनात आल्या आल्या पोटात जो गोळा यायचा, तो येत नाही. आतड्याला काय झालं ठाऊक नाही, आतड्याकडे बघण्याची माझी तऱ्हा बदलली.

धूरकट

सिगारेट सोडायला गेलो होतो. बाहेर पडल्यावर धुराचा वास खरंच नकोसा वाटला. आठवडाभर. मग ऑफिसात एक भांडण झालं आणि संपलं.

मनकवडी

धूरकट, यात तुम्ही एकटे नाही. सिगारेटच्या बाबतीत उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तर इतर उपायांपेक्षा संमोहन सरस ठरल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. "एका बैठकीत व्यसनमुक्ती" अशी पाटी दिसली तर पुढे चला.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ. आमच्याकडे काही निवडक शस्त्रक्रिया जागेवरची भूल, अगदी थोडं औषध आणि संमोहन यावर होतात. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात 1992 पासून हे चालू आहे, थायरॉइडच्यासुद्धा शस्त्रक्रिया करतात. नुसत्या संमोहनावर कापाकापी नाही, हे आधी स्पष्ट करते. तसा इतिहास आहे म्हणा. 1845 मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा सर्जन अशाच पद्धतीने मोठमोठ्या गाठी काढायचा. पण ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ते मागे पडलं. ठीकच झालं, सगळ्यांना चालणारं औषध ते.

माझं काम काय, तर पूर्ण वेळ कानाशी बोलत राहायचं, एका लयीत. रुग्ण बाईंनी आधी मनात निवडलेल्या जागी त्यांना घेऊन जायचं. थिएटरमध्ये "दुखतंय का?" हा प्रश्न विचारायला सक्त मनाई. "दुखणं" हा शब्द कानावर पडला की माणूस ते शोधायला लागतो. एकदा नर्सच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. सगळे दचकलो, बाई नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "ऐकलं की. पण तो आवाज तुमच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता."

1997 चा रेनव्हिलचा प्रयोग मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते. गरम पाण्यात हात, आणि सूचना फक्त एवढीच की त्रास कमी वाटेल किंवा जास्त वाटेल. पाणी तेवढंच गरम. वेदना किती तीव्र आहे हे लोक साधारण सारखंच सांगत होते, ती किती नकोशी आहे हे मात्र बदललं, आणि त्याबरोबर मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातली (वेदनेच्या नकोसेपणाशी जोडलेला भाग) हालचालही बदलली. ट्रेवाल्या बाईंचं वाक्य मला तिथेच बसतं.

खडूस

हे प्लासिबोच झालं की मग, औषध नसताना नुसत्या विश्वासाने बरं वाटणं. 1784 मध्ये पॅरिसला बेंजामिन फ्रँकलिनच्या समितीने, चुंबकत्वाने आजार बरे करतो म्हणणाऱ्या मेस्मर या डॉक्टरचा निकाल लावलाच होता. डोळे बांधले, चुंबकत्व दिलंय असं नुसतं सांगितलं तरी लोकांना झटके, न सांगता दिलं तर काही नाही. सगळी कल्पना.

मनकवडी

निकाल बरोबरच होता, चुंबकत्व वगैरे काही नव्हतं. पण कल्पनेने माणसाला झटके येतात, ही गोष्ट "सगळी कल्पना" म्हणून झटकून कशी टाकायची? 2002 मध्ये अमीर राझ यांनी एक चाचणी घेतली. "लाल" हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग विचारायचा. वाचता येणारा प्रत्येक जण अडखळतो, कारण वाचणं थांबवता येत नाही. सहज संमोहित होणाऱ्यांना आधी सूचना दिली की ही अक्षरं तुम्हाला परक्या भाषेतली, निरर्थक दिसतील. त्यांचं अडखळणं कमी झालं. तुमच्यासारख्यांचं झालं नाही. प्लासिबोशी नातं आहेच, पण इथे खोटी गोळी देऊन फसवायला लागत नाही.

डुलकी

मी झोपेसाठी रेकॉर्डिंग लावते. वीस पायऱ्या उतरायच्या असतात, बारावीच्या खाली काय आहे अजून कळलेलं नाही. संमोहन की कंटाळा, देव जाणे.

उंबरठा

लिहू की नको करत होते. मला कारण न कळणारी घबराट होती. ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले मूळ बालपणात असणार, मागे जाऊ. "दार उघडतंय, आत कोण आहे?" असं विचारत गेले. मला एक अंधारी खोली दिसली, बाहेरून लावलेली कडी, आणि एक जवळचे नातेवाईक. इतकं स्पष्ट की भिंतीचा ओलावाही जाणवला. मी घरी जाऊन आरोप केला.

अशी खोली असलेल्या घरात आम्ही कधी राहिलोच नव्हतो. जुने फोटो काढून आईने दाखवलं. ते नातेवाईक त्या वर्षांत आमच्या गावातही नव्हते. सगळं कळलं तरी ती खोली अजून दिसते, माझ्या खऱ्या आठवणींपेक्षा जास्त ठसठशीत. संमोहन चालतं का, तर माझ्यावर फारच चाललं.

मनकवडी

उंबरठा, हे लिहिलंत म्हणून आभार. तुम्हाला जे करायला लावलं ते करायला नको होतं. संमोहनाने आठवण उजळत नाही. माणूस जास्त बोलतो, चुकीचंही जास्त बोलतो, आणि त्याबद्दलची खात्री मात्र वाढते. "आत कोण आहे?" या प्रश्नातच कुणीतरी आहे हे ठरवून टाकलेलं असतं. पूर्वजन्मात नेणाऱ्यांचं दुकानही याच जोरावर चालतं. ज्यांची क्षमता जास्त, त्यांना धोकाही जास्त.

पोटोबा

मग कुणाकडे जावं हे ओळखायचं कसं? माझ्या बहिणीला अर्धशिशी आहे, ती विचारतेय.

मनकवडी

समोरच्याला संमोहन येत नसतं तरी अर्धशिशीचा इलाज त्याच्याकडून करून घेतला असता का, एवढं तिला विचारायला सांगा. उत्तर "नाही" असेल तर तिथे जाऊ नये. आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी कधी भास, संशय असा मानसिक आजार झाला असेल तर ते आधीच सांगायला हवं, तिथे हे सरसकट करत नाहीत. आणि पहिल्याच भेटीत कुणी "बालपणात जाऊ" म्हणालं तर उठून यायचं.

खडूस

ती मोजपट्टी माझ्यावर लावाल का? शून्य आलं तर फ्रेम करून लावीन.

मनकवडी

लावते. शून्य सहसा येत नाही, निराश होऊ नका.