मदत हवी आहे: ‘एकतर १ किंवा २’ नक्की कधी?

बँक क्लार्कच्या परीक्षेसाठी विधान-निष्कर्ष (दिलेली विधाने खरी मानून कोणता निष्कर्ष नक्की निघतो, ते निवडायचं) करतोय. दादर ते कल्याण लोकलमध्ये रोज वीसेक गणितं होतात (उभ्याने, त्यामुळे वेन आकृती, म्हणजे गट दाखवणारी वर्तुळं, बऱ्याचदा डोक्यातच).

विधाने: सर्व वडे तळलेले आहेत. काही तळलेले पदार्थ गोड आहेत.
निष्कर्ष: १) काही वडे गोड आहेत. २) एकही वडा गोड नाही.

आधी मी ‘दोन्ही नाही’ (म्हणजे एकही निष्कर्ष निघत नाही) लिहायचो. आता कळलं, दोन्ही एकाच वेळी खरे नाहीत आणि खोटेही नाहीत, म्हणून ‘एकतर १ किंवा २’. बटाटावडा गोड नसतो हे डोक्यातून काढायला मात्र वेळ लागला! ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ ही जोडी चालत नाही हेही पटलं, कारण दोन्ही खोटे असू शकतात.

अडलोय इथे: विधाने तीच, पण निष्कर्ष ‘काही वडे गोड आहेत’ आणि ‘काही वडे गोड नाहीत’. यातला किमान एक खरा असणारच, पण दोन्हीही खरे असू शकतात. माझ्याकडच्या एका पुस्तकात उत्तर ‘एकतर-किंवा’ आहे, दुसऱ्यात ‘दोन्ही नाही’. ‘शक्यता’वाले प्रश्न (निष्कर्ष शक्य आहे का, असं विचारणारे) नकोत, ते जमतात. परीक्षेत ही जोडी आली तर कोणता पर्याय निवडायचा, आणि का?